धोका कळतो, तरी पाऊल पडते

माणसाला आजारपण सर्वांत कमी गाठते ते साधारण दहाव्या वर्षापासून विशीपर्यंत. गोवर, जुलाब, न्यूमोनिया ही बालपणीची संकटे मागे पडलेली असतात. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांना अजून बराच अवकाश असतो. शरीर सगळ्या अंगांनी चढतीला असते. तरीही बहुतेक देशांत मृत्यूचे प्रमाण दहा-बारा वर्षांच्या वयात तळाला जाते आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास पुन्हा वर चढू लागते. ही चढण मुख्यतः आजारांमुळे येत नाही. रस्त्यावरचे अपघात, पाण्यात बुडणे, मारामाऱ्या, आत्मघात ही तिची कारणे. यांतल्या पुष्कळ घटनांच्या मुळाशी त्या मुलाचा स्वतःचा किंवा त्याच्या सोबत्यांचा एखादा निर्णय असतो, तोही बहुधा काही सेकंदांत घेतलेला. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय म्हणते. २०११ च्या जनगणनेत या वयाचे २५ कोटींहून अधिक लोक भारतात होते.

या वयातले धोके गावात कसे दिसतात ते पाहायला बाभुळगाव घेऊ. यवतमाळ जिल्ह्यातले हे कापूस, तूर आणि सोयाबीनच्या पट्ट्यातले तालुक्याचे गाव. यवतमाळहून धामणगाव रेल्वेकडे जाणारा रस्ता इथूनच जातो आणि बेंबळा नदीवरचे मोठे धरण याच तालुक्यात, खडक सावंग्याजवळ आहे. किशोरवयातल्या धाडसावरचे बरेचसे संशोधन अमेरिका-युरोपातल्या शहरी मुलांवर झालेले आहे; तिथल्या उदाहरणांत भरधाव मोटारी आणि दारूच्या पार्ट्या असतात. बाभुळगावासारख्या गावात धोका रोजच्या वस्तूंत दडलेला असतो: घरची मोटारसायकल, धरणाचे आणि कालव्याचे पाणी, शेतातली कठडा नसलेली विहीर, पानठेल्यावरचा खर्रा, हातातला मोबाइल आणि घराच्या कोपऱ्यात ठेवलेले फवारणीचे औषध. आजूबाजूच्या खेड्यांतली मुले पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याला येतात. एसटी चुकली की गाडी निघते, आणि एका गाडीवर तिघे बसले तरी कुणाला त्यात नवल वाटत नाही. काही बरेवाईट घडले की गावात एकच निदान ऐकू येते: पोट्ट्याले अक्कल नाही.

गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या संशोधनाने हे निदान जवळजवळ खोडून काढले आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी दाखवले की अकरा-बारा वर्षांच्या सुमारास मुलांच्या विचारात मोठा पालट होतो. त्याआधीचे मूल समोर दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या गोष्टींविषयी नीट तर्क करते. या वयापासून मात्र ‘असे झाले असते तर’ हा प्रश्न त्याच्या आवाक्यात येतो. घडलेल्या गोष्टीबरोबर घडू शकणाऱ्या गोष्टींचाही ते विचार करू लागते, नियमामागचा नियम शोधते, मोठ्यांच्या बोलण्या-वागण्यातली विसंगती पकडते. कालपर्यंत ऐकणारे पोर आज वाद घालते, याचे एक कारण हेच आहे. पालकांना हा उद्धटपणा वाटतो. तो बऱ्याचदा नव्याने हाती आलेल्या तर्कशक्तीचा सराव असतो.

याच नव्या शक्तीची एक गमतीदार बाजू अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये मांडली. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याची कल्पना करता येऊ लागली की किशोराला वाटते, सगळे आपल्याकडेच पाहत आहेत. चेहऱ्यावरची एक पुटकुळी म्हणूनच त्याला शाळेत जाऊ देत नाही. त्याच्याच जोडीला आपण इतरांहून वेगळे आहोत, आपल्यावर काही बेतणार नाही, अशीही एक समजूत असते. वऱ्हाडात ती ‘मले काही होत नाही’ या चार शब्दांत ऐकायला मिळते. एल्काइंड यांची ही मांडणी अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसली.

पुढच्या पाहण्यांनी तिच्या दुसऱ्या भागाला धक्का दिला. मुलांना प्रत्यक्ष विचारून पाहिले तेव्हा आढळले की अपघात, आजार, मृत्यू यांची शक्यता किशोर कमी धरत नाहीत. उलट कित्येकदा मोठ्या माणसांपेक्षा जास्तच धरतात. म्हणजे धोका त्यांना ठाऊक असतो. अमेरिकेतल्या व्हॅलरी रेना यांनी यावर एक चमत्कारिक वाटणारा खुलासा पुढे केला. त्यांच्या मते प्रौढ माणूस अशा वेळी फारसा हिशेब करतच नाही. खोल पाण्यात पोहता न येता उतरायचे का, या प्रश्नाला तो क्षणात ‘छे’ म्हणतो, कारण अनुभवाने त्याच्या मनात या गोष्टीचा एक ठोकळ अर्थ पक्का झालेला असतो. किशोर मात्र खरोखर विचार करतो: बुडण्याची शक्यता किती, मजा किती, मित्र काय म्हणतील. एकेका वेळी बुडण्याची शक्यता खरोखरच थोडी असते, म्हणून हिशेब मजेच्या बाजूने झुकतो. ‘विचार न करता उडी मारली’ असे ज्याच्याविषयी आपण म्हणतो, तो कधी कधी थोडा जास्तच विचार करून गेलेला असतो. शाळेतल्या व्याख्यानांनी आणि भिंतीवरच्या घोषवाक्यांनी फारसा फरक का पडत नाही, याचे उत्तर इथे सापडते. जे मुलांना आधीच माहीत आहे तेच त्यांना पुन्हा सांगितले जाते.

विचारशक्ती शाबूत आणि माहितीही पुरेशी, मग अडते कुठे? अडते ते तापलेल्या क्षणात. अमेरिकेतल्या लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतासह ११ देशांतल्या, १० ते ३० वर्षे वयाच्या पाच हजारांहून अधिक लोकांच्या चाचण्या घेतल्या. शांतपणे बसून, वेळ घेऊन तर्क करायचा असेल तर सोळा वर्षांचा मुलगा प्रौढाच्या जवळपास पोचलेला दिसला. नव्या आणि थरारक अनुभवाची ओढ वाढत जाऊन एकोणिसाव्या वर्षाच्या आसपास कळसाला पोचत होती. स्वतःला आवरण्याची ताकद मात्र सावकाश वाढत विशीच्या मध्यापर्यंत जात होती. देशादेशांत थोडाफार फरक होता, पण साधारण चित्र हेच होते. अल्लड गोऱ्हा आणि सावकाश चालणारा बैल एका जुवाला जुंपले की जोडी काही काळ वाकडी ओढते. किशोराच्या मनाची गत तशी असते.

मेंदूच्या छायाचित्रांनी याला शरीराचा आधार दिला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत जे गीड यांनी त्याच मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढले. त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूची घडण बालपणीच संपते हा समज त्यांनी मोडला. कपाळामागचा भाग, म्हणजे योजना करणे, थांबणे आणि परिणाम तोलणे ही कामे करणारा भाग, सर्वांत उशिरा पक्व होतो. न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात आणि उरलेल्यांवर चरबीचे आवरण चढून संदेश वेगाने धावू लागतात. हे काम विशी उलटल्यावरही चालू असते. बक्षीस, कौतुक, थरार यांना प्रतिसाद देणारी मेंदूतली यंत्रणा मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागते.

या संशोधनाचा अलीकडे थोडा अतिरेकही झाला आहे. ‘किशोराचा मेंदू अर्धवट असतो’ असे सर्रास बोलले जाते, ते बरोबर नाही. मेंदूची घडण सगळ्यांची साधारण सारखी होते, पण सगळी मुले सारखी वागत नाहीत, आणि बहुसंख्य मुले हे वय मोठा घोटाळा न करता पार करतात. कोण कोणत्या धोक्यात सापडेल हे मेंदूइतकेच आसपास काय उपलब्ध आहे, सोबत कोण आहे आणि घरी कुणाचे लक्ष आहे यावर ठरते.

यांतला सोबतीचा मुद्दा सर्वांत नीट तपासला गेला आहे. मार्गो गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३०६ जणांना पडद्यावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. दिवा पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे न्यायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे; पुढे जावे तसे गुण वाढतात, पण गाडी आदळली तर ते जातात. एकटे खेळताना १३ ते १६ वयाची मुले, १८ ते २२ वयाचे तरुण आणि २४ वर्षांवरचे प्रौढ यांच्यात फारसा फरक पडला नाही. दोन सोबती शेजारी बसवले की प्रौढ होते तसेच राहिले, तरुणांचा धोका वाढला आणि लहान मुलांचा तर जवळजवळ दुप्पट झाला. काही वर्षांनी झालेल्या दुसऱ्या प्रयोगात मित्र शेजारच्या खोलीत बसून नुसते पाहत होते, तरी किशोरांच्या मेंदूतली बक्षिसाची यंत्रणा चेतत होती. मित्रांना चिथावणीचा एक शब्दही उच्चारावा लागला नाही.

मोटारसायकलवरच्या तिघांचे किंवा धरणाच्या भिंतीवर उभ्या असलेल्या चार-पाच जणांच्या टोळक्याचे कोडे इथे उलगडते. एकेकटा मुलगा घरी समजूतदार असतो आणि आईबाप शपथेवर सांगतात की आमचा तसा नाही. ते खोटे बोलत नसतात. मोबाइलने यात भर घातली आहे. पूर्वी पाहणारे मित्र चार असत आणि अंधार पडला की घरी जात. रील टाकणाऱ्याचे पाहणारे चोवीस तास जागे असतात आणि त्यांचे कौतुक आकड्यांत मोजता येते.

मुलींच्या बाबतीत गोष्ट वेगळी दिसते, ती मुख्यतः त्यांना मिळणाऱ्या मोकळिकीमुळे. गाडी आणि धरण त्यांच्या वाट्याला कमी येते. ऑनलाइन ओळखीवर टाकलेला विश्वास आणि लपवून ठेवलेले नाते जास्त. ते उघड झाल्यावर शाळा बंद करून घाईने लग्न उरकण्याचा धोका तर मोठी माणसेच त्यांच्यावर आणतात.

खर्ऱ्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण विदर्भातल्या किशोरांचा पहिला धोका बहुतेकदा तोच असतो. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून तयार केलेला हा पदार्थ पानठेल्यावर सहज मिळतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा डोळ्यांदेखत ताजा घोटून मिळत असल्याने तो पाकीटबंद मालासारखा पकडता येत नाही. नुसती सुपारीदेखील कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्येच जाहीर केले. खाणाऱ्याचे तोंड हळूहळू उघडेनासे होते, ते कर्करोगाच्या आधीचे पाऊल. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या ८.५ टक्के शाळकरी मुलांनी तंबाखूचे सेवन मान्य केले, आणि धूरविरहित तंबाखू खाल्लेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी दहावा वाढदिवस यायच्या आधीच सुरुवात केली होती. दहाव्या वर्षाच्या आधी! इथे किशोराच्या मेंदूला दोष देण्यातही अर्थ नाही. घरात बाप, काका, आजोबा खात असतात आणि खर्रा आणायला पोरालाच धाडले जाते.

धोका पत्करण्याच्या याच वृत्तीची दुसरी बाजू महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला आणि शिरीषकुमार मेहता, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम ही पाच मुले मारली गेली. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. बाभुळगावात १९२३ मध्ये जन्मलेले आणि पुढे ‘लोकमत’ काढणारे जवाहरलाल दर्डा हेही विशीच्या आसपासच्या वयात स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले. या मुलांना मेंदूतल्या रसायनांनी रस्त्यावर आणले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. त्यांच्यामागे विचार होता, संघटना होती. पण गोळ्यांसमोर उभे राहण्याची तयारी, सोबत्यांच्या डोळ्यांदेखत मागे न हटणे आणि अन्यायाचा असह्य संताप ही या वयाचीच लक्षणे आहेत. समाजाला हे धाडस हवेही असते आणि नकोही असते.

दहीहंडीच्या प्रकरणात ही ओढाताण थेट न्यायालयात पोचली. वरच्या थराला वजनाने हलका आणि मनाने निडर मुलगा लागतो, आणि पडला तर तोच सर्वांत उंचावरून पडतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि थरांची उंची २० फुटांवर आणली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात जाऊन आले आणि २०१७ मध्ये उंचीची अट गेली. वयाची मर्यादा १४ वर्षे ठरली. २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला.

कायद्याला वयाची रेघ कुठे ओढावी हे नेहमीच जड जाते. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या आलिशान मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. काही तासांत त्याला जामीन मिळाला, आणि जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध होता, म्हणून देशभर संताप उसळला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून प्रौढांना अटक झाली. मुलाचा खटला प्रौढ म्हणून चालवावा ही पोलिसांची मागणी बाल न्याय मंडळाने २०२५ मध्ये नाकारली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची समज आणि क्षमता मंडळाला तपासावी लागते. अडचण अशी की ही तपासणी शांत खोलीत होते आणि शांत खोलीत सोळा वर्षांचा मुलगा प्रौढासारखाच विचार करतो. गुन्हा घडला तेव्हा तो शांत खोलीत नव्हता. यावरून त्याला माफ करावे असे ठरत नाही. पण त्या खोलीतल्या उत्तरांवर फार भिस्त ठेवू नये एवढे नक्की ठरते.

मोटार वाहन कायद्याची २०१९ मधली दुरुस्ती या दृष्टीने अधिक शहाणी आहे. सोळाव्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालवता येते, आणि घराघरांत असलेली मोटारसायकल त्यात बसत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. किल्ली कोणाच्या हाती होती, हा प्रश्न कायदा इथे विचारतो, आणि तोच योग्य प्रश्न आहे.

कोणते उपाय लागू पडतात याचाही आता बराच अनुभव जमा झाला आहे. वर्गात पोलिसाने येऊन व्यसनांविरुद्ध धडे देण्याचा अमेरिकेतला ‘डेअर’ हा गाजलेला कार्यक्रम १९८३ पासून चालला. तपासणीत त्याचा टिकाऊ परिणाम आढळला नाही. याउलट न्यूझीलंडने १९८७ पासून नव्या चालकांना टप्प्याटप्प्याने परवाना द्यायला सुरुवात केली. आधी रात्री गाडी नाही, समवयस्क सोबती बसवायचे नाहीत, मग हळूहळू सूट. अशी पद्धत अनेक देशांनी उचलली आणि तरुण चालकांचे अपघात घटले. आइसलंडमध्ये १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारूच्या नशेत गेल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. तिथे भर होता संध्याकाळच्या खेळांवर, संगीताच्या वर्गांवर, पालकांनी एकत्र येऊन वेळ ठरवण्यावर. थराराची भूक मारली नाही, तिला दुसरीकडे वाट दिली.

आपल्याकडचा उत्तम पुरावा बिहारमधला आहे. गोव्यातल्या ‘संगाथ’ या संस्थेने नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांत एक प्रयोग केला; तो २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काही शाळांत शिक्षकांनी आणि काही शाळांत खास नेमलेल्या साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांनी मुलांबरोबर काम केले. समुपदेशकांच्या शाळांत दादागिरी, हिंसा आणि नैराश्य कमी झाले. शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. गुण देणाऱ्या माणसाजवळ मूल मन मोकळे करीत नाही, हे त्यामागचे एक कारण असावे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. राणी बंग यांनी उभे केलेले ‘तारुण्यभान’ शिबिर आणि सरकारी रुग्णालयांतली ‘मैत्री’ क्लिनिके याच जातीची कामे आहेत.

यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात सर्वांत तातडीचा उपाय सर्वांत साधा आहे. किशोरवयातला आत्मघात पुष्कळदा दीर्घ विचाराने होत नाही. निकाल, भांडण, अपमान यांच्या पाठोपाठच्या तासाभरात होतो. तो तास गेला की बहुतेकांची ती इच्छाही ओसरते. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशके टप्प्याटप्प्याने बंद केली आणि वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण साधारण एक तृतीयांशावर आले. लोकांची दुःखे कमी झाली नव्हती, विष हाताशी राहिले नव्हते. गाडीची किल्ली, शाळेपासून शंभर यार्ड दूर हवा तो पानठेला, विहिरीचा कठडा, सगळ्यांचे तत्त्व एकच: ऊर्मी आणि साधन यांच्यात थोडे अंतर ठेवणे.

फवारणीची औषधे घरात न ठेवता शेतात किंवा वेगळ्या पेटीत कुलूप लावून ठेवावीत आणि किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. मूल गप्प झाले असेल, निरवानिरवीचे बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. हा सरकारी क्रमांक आहे, तो चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.